मॅनेज्ड स्विचची जडणघडण : पिवळ्या केबलपासून स्टॅकपर्यंत

बँकेच्या शाखेत, रुग्णालयात किंवा महाविद्यालयात संगणकांचे जे स्थानिक जाळे असते, ज्याला व्यवहारात सर्रास ‘लॅन’ म्हटले जाते, त्याच्या केंद्रस्थानी आज रॅकमध्ये बसवलेला स्विच असतो. आणि जाळे थोडेफार मोठे असेल तर असे अनेक स्विच एकावर एक रचून, मागच्या बाजूने खास केबलींनी जोडून, एकच उपकरण असल्याप्रमाणे चालवले जातात. बाहेरून सूचना देऊन ज्याचे वर्तन ठरवता येते तो ‘मॅनेज्ड’ आणि ज्याची अशी चळत रचता येते तो ‘स्टॅकेबल’ स्विच होय. हे उपकरण बसवणे आणि त्याचे कॉन्फिगरेशन करणे, म्हणजे कोणत्या प्रसंगी त्याने काय करावे हे आधीच सांगून ठेवणे, हा आज एक स्वतंत्र व्यवसाय झाला आहे. परंतु ज्या तंत्रातून हे उपकरण जन्माला आले त्या तंत्रात केंद्र नव्हते, व्यवस्थापक नव्हता, आणि निर्णय घेणारे एकही ठिकाण मुद्दामच ठेवलेले नव्हते. केंद्र नसलेल्या जाळ्यात केंद्र कसे आले, आणि आपोआप शिकणाऱ्या यंत्रांना माणसाने पुन्हा सांगण्याची वेळ का आली, हा या इतिहासाचा गाभा आहे.

इथरनेट या नावाने पुढे रूढ झालेल्या तंत्राची कल्पना रॉबर्ट मेटकाफ यांनी २२ मे १९७३ रोजी झेरॉक्स कंपनीच्या कॅलिफोर्नियातील पालो आल्टो संशोधन केंद्रात लिहिलेल्या एका टिपणात मांडली आणि डेव्हिड बॉग्ज यांच्या साथीने ती प्रत्यक्षात उतरवली. केंद्रातील आल्टो संगणक एकमेकांशी आणि नव्याने घडत असलेल्या लेझर प्रिंटरशी जोडणे ही त्या वेळची निकड होती. हवाई विद्यापीठात नॉर्मन अब्रामसन यांनी उभारलेल्या अलोहानेट या रेडिओ जाळ्याने एक धडा घालून दिला होता : सर्वांनी एकच माध्यम वापरावे, आणि दोन संदेशांची टक्कर झाली तर प्रत्येकाने अनियमित काळ थांबून पुन्हा प्रयत्न करावा. मेटकाफ आणि बॉग्ज यांनी त्यात बोलण्याआधी ऐकण्याची आणि टक्कर होताच ती ओळखून थांबण्याची शिस्त घातली. सेकंदाला २.९४ मेगाबिट वेगाने चालणाऱ्या त्या पहिल्या जाळ्यात कोणतेही यंत्र दुसऱ्यापेक्षा वरचढ नव्हते, आणि एखादे बंद पडले तरी बाकीच्यांचे काम अडत नव्हते. डीईसी, इंटेल आणि झेरॉक्स या तीन कंपन्यांनी १९८० मध्ये १० मेगाबिट वेगाचे संयुक्त मानक प्रसिद्ध केले आणि १९८३ मध्ये आयईईई या अभियंत्यांच्या संस्थेने थोड्या फेरफारांसह ‘८०२.३’ या क्रमांकाखाली इथरनेटला मान्यता दिली. आयबीएमने पुरस्कारलेल्या टोकन रिंगसारखे प्रतिस्पर्धी पुढे दशकभर टिकून राहिले, तरी प्रस्तुत कथेत त्यांचे स्थान दुय्यम आहे.

या पहिल्या पर्वात जाळे ‘बसवणे’ हे अक्षरशः हाताचे काम होते. बोटाएवढ्या जाडीची, बहुधा पिवळ्या आवरणाची कोअॅक्सिअल केबल छताच्या पोकळीतून किंवा भिंतीच्या कडेने नेली जाई. तिचा एक तुकडा जास्तीत जास्त ५०० मीटर लांबीचा असे आणि तिच्या दोन्ही टोकांना ५० ओहमचे टर्मिनेटर लावावे लागत, कारण ते नसतील तर टोकावर आदळलेला संकेत परत फिरून सारी वाहतूक बिघडवीत असे. केबलच्या आवरणावर दर अडीच मीटरवर खूण छापलेली असे. संगणक जोडायचा असेल तर तंत्रज्ञ अशाच एखाद्या खुणेवर चिमट्यासारखे एक उपकरण आवळत असे, खास हत्याराने आवरणाला आणि आतील जाळीदार कवचाला भोक पाडत असे, आणि एक टोकदार सुई बरोबर मधल्या तांब्याच्या तारेला टेकेल इतकीच आत सरकवत असे. सुई कमी शिरली तर संपर्क होत नसे, आणि कवचाचा एखादा धागा तारेला चिकटला तर संपूर्ण तुकडाच बंद पडे. तारेचे ‘रक्त’ शोषणाऱ्या या जोडणीला तंत्रज्ञांनी व्हॅम्पायर टॅप असे नाव दिले होते. येथे कौशल्य होते ते बोटांचे. यंत्राला सांगण्यासारखे काहीच नव्हते.

त्यानंतर आलेली बारीक केबल स्वस्त आणि वाकवायला सोपी होती, पण तिने एक नवीच अडचण उभी केली. ती प्रत्येक संगणकाच्या पाठीमागे इंग्रजी टी अक्षराच्या आकाराच्या जोडणीने एकातून दुसऱ्यात अशी ओवलेली असे, त्यामुळे एखाद्या कर्मचाऱ्याने टेबल सरकवताना जोडणी सैल केली तरी १८५ मीटरच्या त्या तुकड्यावरील सर्वांचेच काम थांबे आणि दोष शोधण्यासाठी तंत्रज्ञाला टेबलांखाली वाकत वाकत एकेक जोडणी तपासावी लागे. जाळ्याला केंद्र असावे हा विचार आधी रुजला तो वेगासाठी नव्हे, तर या त्रासापायी. झेरॉक्सच्याच संशोधन केंद्रातून बाहेर पडलेले अँड्र्यू लुडविक आणि रोनाल्ड श्मिट यांनी १९८५ मध्ये सिनऑप्टिक्स ही कंपनी स्थापन केली आणि प्रत्येक टेबलापासून स्वतंत्र केबल एका मध्यवर्ती खोलीत आणण्याची रचना बाजारात आणली. १९९० मध्ये दूरध्वनीच्या तारांसारख्या पीळ दिलेल्या जोडतारांवर १० मेगाबिट इथरनेट चालवण्याचे मानक मंजूर झाल्यावर ही रचना सर्वत्र पसरली. मध्यभागी असलेला हब एका पोर्टवर आलेला संकेत गावात दवंडी पिटावी तसा बाकीच्या सर्व पोर्टांवर पाठवी, त्यामुळे विद्युतदृष्ट्या तो जुन्या केबलचाच आखूड अवतार होता. मात्र दोष आता एका केबलपुरता राहू लागला, आणि कोणत्या पोर्टचा दिवा विझला आहे हे पाहून तो शोधता येऊ लागला. रॅक, पॅच पॅनेल आणि कुलूपबंद नेटवर्क खोली ही आजची परिचित दुनिया येथून सुरू होते.

केंद्र आले, परंतु त्याला अजून बुद्धी नव्हती. ती आली ब्रिज या उपकरणातून, आणि या इतिहासातील सर्वांत विलक्षण प्रकरणही तेथेच आहे. ब्रिज म्हणजे जाळ्याचे दोन तुकडे जोडणारी पेटी. प्रत्येक संगणकाच्या नेटवर्क कार्डाला कारखान्यातच ४८ बिटांचा एक कायमचा पत्ता दिलेला असतो, ज्याला मॅक पत्ता म्हणतात. डीईसी कंपनीत मार्क केम्फ यांनी घडवलेला ब्रिज येणाऱ्या प्रत्येक संदेशावरील प्रेषकाचा पत्ता वाचून तो कोणत्या बाजूला राहतो याची नोंद आपल्या तक्त्यात ठेवी, आणि पुढे त्या पत्त्यासाठी आलेला संदेश फक्त त्याच बाजूला सोडी. ठाऊक नसलेल्या पत्त्याचा संदेश मात्र आलेली बाजू सोडून इतर सगळीकडे पाठवी. काही मिनिटे एखाद्या पत्त्याचा संदेश दिसला नाही तर नोंद पुसली जाई. कोणालाही काही सांगावे लागत नसे आणि संगणकांना या पेटीच्या अस्तित्वाची जाणीवही नसे. पेटीत केबली खोचल्या की काम सुरू, हे या शोधाचे मोठे आकर्षण होते. आणि नंतरची बहुतेक संकटेही त्याच आकर्षणाने ओढवली.

कारण दोन ब्रिजांमध्ये चुकून किंवा सोय म्हणून दुसरी केबल टाकली गेली तर वर्तुळ तयार होते, ज्याला व्यवहारात ‘लूप’ म्हणतात, आणि सर्वांना उद्देशून पाठवलेला एकच संदेश त्या वर्तुळात फिरत राहतो, प्रत्येक फेरीत नव्या प्रती जन्माला घालतो आणि काही क्षणांत संपूर्ण जाळे गुदमरवतो. इंटरनेटच्या पाकिटावर किती टप्पे ओलांडायचे याची मर्यादा लिहिलेली असते. इथरनेटच्या संदेशावर तशी कोणतीच मर्यादा नाही, म्हणून लूप आपोआप विरत नाही. यावरचा उपाय डीईसीतील राडिया पर्लमन यांनी शोधला आणि १९८५ मध्ये प्रसिद्ध केला. त्यांच्या स्पॅनिंग ट्री या पद्धतीत सर्व ब्रिज ठरावीक काळाने एकमेकांना छोटे संदेश पाठवतात, आपल्यातून एकाला मूळ ब्रिज निवडतात, प्रत्येक जण मुळाकडे जाणारी सर्वांत स्वस्त वाट ठरवतो आणि वर्तुळ पूर्ण करणारी जास्तीची वाट तात्पुरती बंद ठेवतो. मुख्य वाट तुटली तर बंद ठेवलेली उघडते. १९९० मध्ये ही पद्धत ‘८०२.१डी’ या मानकाचा भाग झाली. मोजकी स्मृती आणि किरकोळ वाहतूक एवढ्यावर मानवी हस्तक्षेपाशिवाय चालणारी ही रचना संगणकशास्त्रातील खऱ्या अर्थाने सुंदर गोष्टींपैकी एक आहे.

तथापि मूळ ब्रिज निवडण्याच्या नियमात एक बारकावा होता. प्रत्येक उपकरणाला एक प्राधान्य-अंक असतो आणि ज्याचा अंक सर्वांत लहान ते मूळ ठरते. पण कारखान्यातून सर्वांचा अंक ३२७६८ असा सारखाच येतो. माणसाने तो बदलला नाही तर बरोबरी मॅक पत्त्यावर सुटते आणि सर्वांत लहान पत्त्याचे उपकरण मूळ होते. एखादा उत्पादक हे पत्ते साधारणपणे चढत्या क्रमाने वापरत जातो, त्यामुळे जाळ्यातील सर्वांत जुने, सर्वांत संथ आणि बहुधा कोणत्या तरी दूरच्या मजल्यावर विसरलेले उपकरण जाळ्याचे मूळ होऊन बसण्याची शक्यता वाढे, आणि सगळी वाहतूक त्याच्याकडे झुकणाऱ्या वाटांनी वळे. निर्णय कोणी घेतला नाही म्हणून निर्णय राहून गेला असे येथे कधीच होत नाही. यंत्र तो घेतेच, आणि बहुधा जुन्याच्या बाजूने घेते. मॅनेज्ड स्विचच्या पुढील सर्व घडामोडींमागे हेच सूत्र पुनःपुन्हा दिसते.

‘स्विच’ हे नाव बाजारात रूढ केले ते कल्पना या कंपनीने. विनोद भारद्वाज सहसंस्थापक असलेल्या या अमेरिकी कंपनीने १९९० मध्ये सात पोर्टांचा इथरस्विच विक्रीस आणला. तत्त्वतः तो अनेक तोंडांचा ब्रिजच होता, परंतु संदेश पूर्ण आत येण्याची वाट न पाहता, पत्त्याचा भाग वाचताच तो पुढे सोडायला सुरुवात करी आणि प्रत्येक पोर्टला पूर्ण १० मेगाबिट वेग स्वतंत्रपणे देई. हबवरचे सर्व संगणक तोच वेग वाटून घेत असत, हे लक्षात घेता हा फरक किती मोठा होता ते कळते. सिस्को कंपनीचा धंदा तोवर राउटरचा, म्हणजे वेगवेगळी जाळी जोडणाऱ्या उपकरणांचा होता. तिने १९९३ मध्ये क्रेसेंडो, १९९४ मध्ये कल्पना आणि १९९५ मध्ये ग्रँड जंक्शन या कंपन्या विकत घेतल्या. या खरेदीचा माग तंत्रज्ञांच्या बोटांवर दीर्घकाळ राहिला, कारण क्रेसेंडोच्या घराण्यातील स्विचमध्ये बदल करणाऱ्या आज्ञा ‘सेट’ या शब्दाने सुरू होत, तर राउटरच्या घराण्याची भाषा निराळी होती, आणि एकाच कंपनीची दोन उपकरणे चालवण्यासाठी दोन बोली शिकाव्या लागत.

वेगाचा प्रश्न सुटताच नियंत्रणाचा प्रश्न पुढे आला. स्विचने दोघांमधील संदेश दोघांपुरते ठेवले, पण सर्वांना उद्देशून पाठवलेले संदेश तो अजूनही सर्वत्र पोचवत होता. हजार संगणकांच्या जाळ्यात हा गोंगाट मोठा होतो, आणि लेखाविभागाची वाहतूक प्रयोगशाळेतील संगणकांपर्यंत जाणेही इष्ट नसते. बेलकोर या संशोधन संस्थेतील डेव्हिड सिंकॉस्की आणि चेस कॉटन यांनी १९८८ मध्ये मोठ्या जाळ्यांसाठी ब्रिजचे जे विस्तारित रूप मांडले, त्यातून आभासी लॅनची, म्हणजे व्हीलॅनची, कल्पना उमलली : एकाच स्विचचे पोर्ट वेगवेगळ्या गटांत वाटायचे आणि प्रत्येक गटाने स्वतंत्र जाळ्यासारखे वागायचे. १९९८ च्या ‘८०२.१क्यू’ मानकाने यासाठी संदेशात ४ बाइटांची चिठ्ठी घालण्याची पद्धत ठरवली. तिच्यातील १२ बिट गटाचा क्रमांक सांगतात, त्यामुळे ४०९४ गट वापरता येतात. दोन स्विचमधील ज्या एका केबलवरून अनेक गटांची वाहतूक चिठ्ठीसह जाते तिला ट्रंक म्हणतात. कोणता पोर्ट कोणत्या गटात, कोणत्या ट्रंकवर कोणते गट, हे कोणतेही यंत्र ऐकून शिकू शकत नाही, कारण लेखाविभाग कोठे बसतो हे संदेशांवरून कळत नाही. ते माणसालाच सांगावे लागते. या टप्प्यावर आपोआप शिकणारी पेटी खऱ्या अर्थाने मॅनेज्ड झाली.

हे सांगण्याचे दार म्हणजे कन्सोल पोर्ट. १९६० च्या दशकापासून चालत आलेल्या आरएस-२३२ या क्रमिक जोडणीवर आधारलेले हे दार उघडण्यासाठी स्विचच्या पाठीमागे फिकट निळ्या रंगाची चपटी केबल खोचायची, तिचे दुसरे टोक लॅपटॉपला जोडायचे आणि टर्मिनल प्रोग्राममध्ये वेग ९६००, विदा-बिट आठ, समता-बिट नाही, थांबा-बिट एक, अशी मांडणी करायची, हा विधी तंत्रज्ञांच्या एका संपूर्ण पिढीला पाठ आहे. नव्या स्विचला नाव, व्यवस्थापनासाठी आयपी पत्ता आणि परवलीचा शब्द देऊन झाला की पुढचे काम दुरून करता येई. त्यासाठी आधी टेलनेट आणि नंतर संदेश कूटबद्ध करणारे एसएसएच वापरले जाऊ लागले. उपकरणांची प्रकृती दुरून विचारण्यासाठी १९८८ मध्ये एसएनएमपी ही साधी पद्धत आली. अधिक भारदस्त आंतरराष्ट्रीय पद्धत तयार होईपर्यंतची तात्पुरती सोय म्हणून तिच्याकडे पाहिले जात होते, पण ती तात्पुरती सोयच टिकली. आणि तिच्याबरोबर ‘पब्लिक’ हा कारखान्यातून आलेला वाचनाचा परवलीचा शब्दही कित्येक ठिकाणी न बदलता तसाच राहिला.

कॉन्फिगरेशनच्या या व्यवहारातील एक बारकावा जवळून पाहण्याजोगा आहे, कारण त्याने अनेकांना रात्री कामावर परत बोलावले आहे. सिस्कोच्या स्विचमध्ये दिलेली आज्ञा तत्काळ अमलात येते, पण ती नोंदली जाते चालू स्मृतीत, आणि ही स्मृती वीज गेली की पुसली जाते. पुढच्या वेळी स्विच सुरू होतो तो कायमच्या स्मृतीत जतन केलेल्या मांडणीवर. दोन्ही सारख्या करण्यासाठी ‘राइट मेमरी’ किंवा तत्सम आज्ञा वेगळी द्यावी लागते. ती विसरली गेली तर महिनोन्महिने काहीच बिघडत नाही, आणि मग एखाद्या दिवशी वीज जाऊन येते तेव्हा महिन्यांपूर्वीची मांडणी पुन्हा अवतरते, कोणी काय बदलले होते हे कोणालाच आठवत नाही. वीज वारंवार जाणाऱ्या प्रदेशांत ‘सेव्ह केलंस का?’ हा प्रश्न म्हणूनच या व्यवसायातील पहिला प्रश्न झाला.

याच काळात, प्रत्येक स्विचवर गटांची यादी पुन्हा लिहिण्याचा कंटाळा टाळण्यासाठी सिस्कोने व्हीटीपी नावाची सोय दिली. एका स्विचवर यादी बदलली की तिचा आवृत्ती-अंक एकाने वाढे, आणि त्याच नावाच्या क्षेत्रातील बाकीचे स्विच मोठा अंक दिसताच आपली यादी टाकून ती नवी यादी स्वीकारत. जुन्या प्रयोगासाठी वापरलेला, बरेच बदल पचवल्याने मोठा अंक झालेला एखादा स्विच कपाटातून काढून ट्रंकवर जोडला की संपूर्ण संस्थेचे गट त्याच्या जुनाट यादीने पुसले जात, आणि त्या गटांतील सर्व पोर्ट एकाच क्षणी निकामी होत. म्हणून स्विच जोडण्यापूर्वी त्याचा अंक शून्यावर आणणे हा अभ्यासक्रमातला धडा झाला, आणि अनेक जाणत्या संस्थांनी ही सोयच बंद ठेवणे पसंत केले. येथेही निवाडा झाला तो अंकावर. यादी योग्य आहे की नाही हे यंत्राने पाहिलेच नाही.

यंत्राने आपोआप घेतलेल्या निर्णयांचा हा प्रश्न केवळ तंत्रज्ञांचा नाही हे बॉस्टनमधील बेथ इस्रायल डीकॉनेस या रुग्णालयाने नोव्हेंबर २००२ मध्ये अनुभवले. १९९६ मध्ये दोन रुग्णालयांचे विलीनीकरण होऊन तयार झालेल्या या संस्थेचे जाळे वर्षानुवर्षे एकेक स्विच जोडत वाढले होते, आणि त्याचा एकत्रित आराखडा नव्याने मांडला गेला नव्हता. स्पॅनिंग ट्रीचे कालमापन मुळापासून फार दूर न जाणाऱ्या, एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत साधारण सात टप्प्यांच्या जाळ्यासाठी ठरवलेले असते. त्यापेक्षा खोल जाळ्यात मुळाची खबर टोकाच्या स्विचपर्यंत वेळेत पोचेलच याची खात्री उरत नाही आणि ते आपापले वेगळे निष्कर्ष काढू लागतात. १३ नोव्हेंबरला एका संशोधन कार्यक्रमाच्या सॉफ्टवेअरने अवाढव्य वाहतूक सोडली, नियंत्रणाचे संदेश त्या लोंढ्यात अडकले, बंद ठेवलेल्या वाटा उघडल्या आणि लूप तयार झाले. तपासण्यांचे निकाल, औषधांच्या नोंदी आणि डॉक्टरांच्या सूचना संगणकावरून मिळेनाशा झाल्या. रुग्णालयाला सुमारे चार दिवस कागदी फॉर्म आणि धावपळ करणारे निरोपे यांच्यावर काम चालवावे लागले. संस्थेचे माहिती-प्रमुख जॉन हॅलॅम्का यांनी हा प्रसंग लपवून न ठेवता इतरांनी शिकावे म्हणून जाहीरपणे मांडला, आणि या कृतीचे मोल जाळ्याच्या दुरुस्तीपेक्षाही अधिक मानावे लागेल. कारण जाळ्यांचे अपघात बहुधा ज्या त्या संस्थेच्या भिंतींआडच राहतात. स्पॅनिंग ट्रीची जलद सावरणारी सुधारित आवृत्ती २००१ मध्येच आली होती, पण आधीच उभ्या असलेल्या जाळ्यांत ती पोचायला वर्षे लागली.

स्टॅकचा उदय या पार्श्वभूमीवर समजून घ्यावा लागतो. पोर्टांची गरज वाढली की दोन मार्ग होते. एक, मोठा सांगाडा घेऊन त्यात कार्डे वाढवत जाणे, ज्यासाठी पहिल्याच दिवशी मोठी रक्कम मोजावी लागे. दुसरा, छोटे स्विच केबलींनी एकमेकांना जोडत जाणे, ज्यात पैसे हप्त्याहप्त्याने लागत, पण प्रत्येक स्विच स्वतंत्रपणे सांभाळावा लागे आणि स्पॅनिंग ट्रीची खोली वाढत जाई. १९९० च्या दशकात थ्रीकॉम आणि इतर कंपन्यांनी एकमेकांवर रचून एकत्र चालणारे हब आणि स्विच विकायला सुरुवात केली होती. सिस्कोने २००३ मध्ये कॅटॅलिस्ट ३७५० या स्विचबरोबर आणलेल्या स्टॅकवाइज रचनेने ही कल्पना पूर्णत्वास नेली : मागच्या बाजूच्या खास पोर्टांतून अर्धा, एक किंवा तीन मीटरच्या जाड केबलींनी नऊपर्यंत स्विच वर्तुळात जोडायचे, सेकंदाला ३२ गिगाबिट वेगाचा हा दुहेरी मार्ग सर्वांनी वाटून घ्यायचा, आणि बाहेरच्या जगाला एकच स्विच, एकच आयपी पत्ता आणि एकच कॉन्फिगरेशन दिसायचे. येथे केबलींचे वर्तुळ हा अपघात नसून मुद्दाम केलेली रचना आहे. एक केबल तुटली तर वाहतूक दुसऱ्या बाजूने फिरते, वेग निम्म्यावर येतो, पण स्टॅक अखंड राहतो.

स्टॅकमधील एक स्विच प्रमुख असतो आणि सर्वांच्या वतीने निर्णय घेतो. तो निवडला जातो एक ते पंधरा या प्राधान्य-अंकाने, आणि येथे मोठा अंक जिंकतो. सर्वांना कारखान्यातून एकच अंक मिळालेला असल्याने, सांगितले नाही तर सॉफ्टवेअरची क्षमता, किती वेळ चालू आहे आणि शेवटी सर्वांत लहान मॅक पत्ता अशा उतरंडीने निवाडा होतो. जाणता तंत्रज्ञ म्हणून आधी स्विच रॅकमध्ये बसवतो, सर्वांवर सॉफ्टवेअरची एकच आवृत्ती असल्याची खात्री करतो, वीज बंद असतानाच वर्तुळाच्या केबली लावून स्क्रू आवळतो, ज्याला प्रमुख करायचे तो आधी सुरू करतो, आणि मग त्याला पंधरा व त्याच्या वारसाला चौदा असे अंक देऊन क्रमांक पक्के करतो. चालू स्टॅकमध्ये चालू असलेलाच दुसरा स्विच खोचणे मात्र अनर्थाचे ठरते, कारण मग दोन प्रमुखांची गाठ पडते, नवी निवडणूक होते, आणि हरलेल्या बाजूचे स्विच पुन्हा सुरू होऊन जेत्याची मांडणी स्वीकारतात. नवखा स्विच जिंकला तर कामाच्या वेळेत संपूर्ण मजला अंधारात जातो. उलट, वर्तुळ दोन ठिकाणी तुटले तर स्टॅकचे दोन भाग होऊन दोघेही तोच आयपी पत्ता सांगू लागतात. स्पॅनिंग ट्रीतील जुना प्रश्न येथे नव्या रूपात समोर उभा असतो, आणि त्याचे उत्तरही तेच : निवडणूक होण्याआधी माणसाने अंक लिहिलेला असला पाहिजे. २००८ मध्ये ज्युनिपर कंपनीने दहा स्विचपर्यंत जाणारी आपली व्हर्च्युअल शॅसी आणली आणि पुढे इतर उत्पादकांच्याही रचना आल्या, तरी हे तत्त्व बदलले नाही.

भारतात या व्यवसायाची पायाभरणी शिक्षणसंस्थांत झाली. इलेक्ट्रॉनिक्स विभागाने १९८६ मध्ये सुरू केलेल्या अर्नेट या शैक्षणिक जाळ्यात बंगळुरूची विज्ञान संस्था आणि पाच आयआयटी यांच्याबरोबर मुंबईचे राष्ट्रीय सॉफ्टवेअर तंत्रज्ञान केंद्र, म्हणजे एनसीएसटी, होते. एनसीएसटी आणि पवईचे आयआयटी यांच्यातील ईमेलची देवाणघेवाण ही त्या जाळ्याच्या आरंभीच्या खुणांपैकी एक आहे. जुहूचे ते केंद्र पुढे सी-डॅकमध्ये विलीन झाले. १९९५ मध्ये सामान्य ग्राहकांना इंटरनेट मिळू लागले, १९९८ मध्ये सिस्कोची सीसीएनए ही प्रारंभिक परीक्षा सुरू झाली, आणि त्यानंतर पुण्या-मुंबईच्या खासगी वर्गांतून शिकलेल्या मुलामुलींनी बँका, कॉल सेंटरे आणि सॉफ्टवेअर कंपन्यांची जाळी उभी केली. केबल ओढणारा, पॅच पॅनेलवर तारा पंच करणारा आणि कन्सोलवर बसणारा असे या कामाचे थर पडले. यांपैकी पहिल्या दोघांचे कौशल्य सहसा मोजले जात नाही, जरी स्विच कितीही हुशार असला तरी चुकीच्या पोर्टवर पंच झालेली तार त्याला ओळखता येत नाही.

अलीकडे मोठ्या विदा-केंद्रांनी स्टॅकपासून अंतर ठेवले आहे. एकच प्रमुख असल्याने सॉफ्टवेअर बदलताना किंवा प्रमुख बिघडल्यावर सर्व पोर्ट एकदम धोक्यात येतात, म्हणून तेथे स्वतंत्र बुद्धीचे स्विच आणि त्यांना एकत्र सूचना देणारे बाहेरचे नियंत्रक अधिक पसंत केले जातात. कार्यालये, रुग्णालये आणि महाविद्यालयांच्या मजल्यांवर मात्र स्टॅक टिकून आहे, कारण तेथे एकाच माणसाला थोड्या वेळात बरेच पोर्ट सांभाळायचे असतात, आणि वीजही त्याच केबलीतून फोनला व कॅमेऱ्याला पुरवायची असते.

या इतिहासाची साधने झपाट्याने नाहीशी होत आहेत. स्विच भंगारात जातात, कॉन्फिगरेशनच्या फाइली जुन्या लॅपटॉपबरोबर पुसल्या जातात, आणि कोणता अंक कोणी, कोणत्या कारणाने लिहिला हे ज्यांना ठाऊक आहे ती पिढी निवृत्त होऊ लागली आहे. ज्या संस्थांच्या कपाटांत जुन्या जाळ्यांचे आराखडे, पॅच पॅनेलच्या वह्या आणि बिघाडांच्या नोंदी अजून शिल्लक आहेत, त्यांनी त्या रद्दीत न घालता आपल्या ग्रंथालयाकडे सोपवाव्यात, आणि ज्यांनी ती जाळी उभी केली त्यांनी आपले अनुभव मराठीत लिहून ठेवावेत.